जाळीची दुसरी तपासणी

डिंडोली, सुरत
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

दादा,

वर 'प्रिय' लिहिलं असतं तर तू हसला असतास, आणि 'तीर्थरूप' लिहिलं असतं तर मलाच हसू आलं असतं. म्हणून नुसतं दादा. तू माझा नंबर ब्लॉक केलास, मेलला तीन वर्षांत उत्तर नाही. म्हणून हा कागद. उद्या आई इच्छापोरला तुझ्याकडे येईल, तिच्या पिशवीतून पोचेल. पाकिटाला चारही बाजूंनी पिना मारल्यात, एकूण अकरा. आईला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. पण शेजारच्या कलाबाईच्या सुनेकडून ती वाचून घेणार नाही कशावरून? एखादी पिन कमी दिसली तर कळव.

थेट विचारते. ही गायत्री म्हणजे तूच ना?

तू 'कोण गायत्री' म्हणशील, म्हणून सगळं मांडते. २३ ऑक्टोबरला 'ताणा'साठी कोडमधला बदल सुचवणारा एक पॅच आला. 'ताणा' अजून जिवंत आहे, तुला वाटलं असेल मी बुडवला. मागाच्या बोर्डाचा तू लिहिलेला तो ड्रायव्हर प्रोग्रॅम आता भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत कुठे कुठे चालतो याची मलाच मोजदाद नाही. कोड कोणीही घ्यावा, कोणीही बघावा, कोणीही सुधारून पाठवावा, हे तत्त्व तुझं. निस्तरते मी. तर कोणी गायत्री नावाची व्यक्ती पाठवते, 'ड्रायव्हरमधल्या अनावश्यक तपासण्या काढून टाकणे'. तेवीस ठिकाणी. जिथे जिथे कोड एकच गोष्ट दोनदा विचारतो, तिथे दुसरं विचारणं काढायचं. कोड आटोपशीर होतो, वाचायला सोपा जातो. बरोबर आहे, मला काही म्हणायचं नाही.

पण त्या तेवीसमध्ये सतरावी जागा कोणती आहे माहीत आहे? जाळीची.

बटण दाबलं की ड्रायव्हर विचारतो, मागाची पुढची जाळी खाली आहे का? मग तीन सेकंद भोंगा. मग मोटार सोडण्याआधी पुन्हा तेच, जाळी खाली आहे का? ही दुसरी तपासणी. हीच तू ऑगस्ट २०२२ मध्ये फालतू म्हणून काढलीस, आणि हिच्यावाचून शेडमध्ये माग चालवणाऱ्या भगवानकाकांचा उजवा हात मागात गेला. सुताची तार तुटली म्हणून ते जाळी उचलून वाकले. शेजारच्या मागावरच्या जोडीदाराने नेहमीसारखं त्यांचंही बटण दाबून दिलं होतं. शेडमध्ये सगळे एकमेकांचं बटण दाबून देतात, हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं. आणि तिथल्या खडखडाटात भोंगा कोणाला ऐकू येतो? दोन बोटं गेली. तार सांधायला लागतात तीच.

आता मला सांग, अख्ख्या जगात कोणाला ती एक ओळ पुन्हा काढायची असेल? 'बघा, आणखी एक जण तेच म्हणतोय, म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं' असं कोणाला म्हणता यावं? वर पॅच आला तो नेमका भाऊबीजेला. तू ओवाळून घ्यायला आला नाहीस आणि गायत्री सकाळी नऊ चौदाला हजर. पॅचसोबतच्या पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहिते. आजकालच्या पोरी 'कळावे' लिहितात? तू लिहायचास.

नाव बाईचं, कुरापत तुझी. कबूल करून टाक. मी पॅच नाकारीन आणि विषय संपेल.

आणि एक. अपघाताच्या त्या महिन्यात मी कोडला हातही लावला नव्हता, हे तुला माहीत आहे. तेव्हा माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

हर्षदा


डिंडोली
शनिवार, १५ नोव्हेंबर

दादा,

पत्र परत आलं. तुझ्या डब्यात, पोळीच्या फडक्याखाली घडी घालून. अकरा पिना तू नीट काढून कागदाच्या कोपऱ्यात टोचून पाठवल्यास. टोमणा पोचला. मागच्या बाजूला पेन्सिलीने तीन शब्द आहेत, 'ओळ काढू नकोस.'

तीन वर्षांनी बहिणीला तीन शब्द, आणि तेही हुकूम. ती कशी आहे, दुकान चालतं का, आईच्या गुडघ्याचं काय, काही नाही. आणि ज्याने ती ओळ काढली त्याने मला सांगावं, काढू नकोस? माझं डोकंच फिरलं. आईला विचारलं, लिहिताना त्याचं तोंड कसं होतं? म्हणाली, "भाकर खात व्हता." एवढ्याने माझं समाधान होईल असं तिला वाटतं.

हुकुमावरून एक मात्र दिसतं. गायत्री तू असतास तर तिचाच पॅच नाकार असं म्हणाला नसतास. की मुद्दाम म्हणालास, मला असंच वाटावं म्हणून? ते मी सोडलेलं नाही.

मी सापळा लावला होता. गायत्रीला लिहिलं की पॅच घेण्याआधी आम्ही पाठवणाऱ्याशी बोलतो, तशी आमची पद्धत आहे. अशी पद्धत आपल्याकडे कधीच नव्हती. मला वाटलं तू कारणं देशील, कॅमेरा बिघडला, घसा बसला. तर बुधवारी दुपारी दोनला खरंच एक मुलगी समोर. दोन वेण्या, चष्मा. भुसावळला तंत्रनिकेतनात तिसऱ्या वर्षाला आहे. मी तिला ओळखपत्र दाखवायला सांगितलं. तिने दाखवलं. मी म्हटलं, उलटं कर. तिने उलटं केलं. मागून तिची आई डोकावली आणि म्हणाली, "कोन शे वं? पोलीस शे का?"

तर गायत्री खरी आहे. माग तिने आयुष्यात पाहिलेला नाही. फालतू तपासण्या शोधून देणारं एक अवजार आहे, ते तिने आपल्या कोडवरून फिरवलं, जे निघालं ते तपासून पाठवलं. तेवीसपैकी बावीस मीही बघितल्या, खोट काढायला जागा नाही. म्हटलं, आमचाच कोड का निवडलास? तर म्हणे मराठीत सूचना लिहिलेल्या होत्या म्हणून. 'कळावे'सुद्धा तिथूनच उचललेलं, म्हणजे तुझंच. मी आठ दिवस तुझ्या मागावर होते आणि निघाली एक पोर जी तुझं लिहिलेलं वाचून शिकली. मला ते फार आवडलं असं नाही.

पण सतराव्या जागेवर ती अडून बसली. म्हणते, "ताई, वरच्या फंक्शननं विचारेल शे, मग खालचं पुन्हा कसाले विचारी? वर कुलूप लायेल व्हयनं का आत कडी कोन लावस?" मी म्हटलं कोडमध्ये तीन सेकंद म्हणजे काही नाही, पण शेडमध्ये तीन सेकंदात माणूस जाळी उचलतो, वाकतो आणि हात घालतो. तिला पटलं, पण अर्धं. म्हणाली, तसं होतं तर त्या ओळीवर कोणी एक शब्द का लिहून ठेवला नाही?

हे तुला विचारायचं होतं. का लिहिला नाहीस? पहिल्यांदा लिहिलीस तेव्हा नाही, अपघातानंतर परत घातलीस तेव्हाही नाही. नुसती ओळ घातलीस आणि निघून गेलास. लाज वाटली असेल.

असो. मी तिला सांगितलंय की ओळ काढणाऱ्याने काय घडवलं ते जुन्या नोंदींसकट दाखवते. सगळं उघडं आहे, नाव, तारीख, वेळ. पोरीला कळू दे कुणाचं बघून ती शिकली. तुला वाईट वाटेल. वाटू दे.

हर्षदा

या वेळी पिना मारलेल्या नाहीत. डिंक लावलाय.


पर्वत पाटिया, दुकान
बुधवार, १९ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र रविवारपर्यंत इथेच राहील, पण लिहायला आजच बसले. गिऱ्हाईक बोर्ड घेऊन दारात उभं आहे, त्याला चहा प्यायला पाठवलं.

काल गायत्रीला ती नोंद पाठवली. 'जाळीची आणि आणखी आठ ठिकाणची दुसरी तपासणी काढली, अनावश्यक.' खाली नाव, योगेंद्र दगा पाटील. त्याखाली तारीख, वार, वेळ. वर मी तिखटमीठ लावून लिहिलं होतं की हाच तो माणूस.

तिचं उत्तर अर्ध्या तासात आलं. जसंच्या तसं उतरवते.

'ताई, रागावू नका. ७ ऑगस्ट २०२२ रविवार होता. त्या दिवशी कानबाई देवीचा सण होता. मला आठवतं कारण त्या वर्षी देवी पहिल्यांदा आमच्या घरी बसली आणि माझ्या हातावर गरम तेल उडालं. तुमचे दादा पाटील म्हणजे आपल्याकडचेच ना? मग कानबाईच्या दिवशी दुपारी साडेतीनला ते कॉम्प्युटरवर कसे? आमच्याकडे तर त्या वेळी पुरुषमाणसाला पाणी प्यायला फुरसत नसते. कळावे.'

मी वाचलं आणि पहिलं मनात आलं ते हे की ही पोर तुझी वकील आहे. दुसरं आलं ते लिहीत नाही.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि एकेक शक्यता काढून बघितली. मशीनचं घड्याळ चुकलेलं असेल? त्याच्या आधीची नोंद शुक्रवारची, नंतरची मंगळवारची, क्रम बरोबर. तू गावाहून फोनवर केलं असशील? गावात तेव्हा टेकडीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नव्हती, आणि लॅपटॉप या टेबलावर होता. कानबाईला तू गेलाच नसशील? गेला होतास. आईच्या फोनमध्ये फोटो आहे, आत्ता तिला कारण न सांगता मागवून घेतला. डोक्यावर चौरंग, गुलालाने तोंड ओळखू येत नाही, पण तो तुटका दात तुझाच. तुला कानबाई घेऊन मिरवायला फार आवडायचं.

कोणी दुकानात घुसून केलं असेल? दुकानाला दोन किल्ल्या. एक तुझ्याकडे होती.

गिऱ्हाईक परत आलं. पुढचं नंतर.


डिंडोली
शनिवार, २२ नोव्हेंबर

दादा,

बुधवारचं पत्र याच पाकिटात आहे. आधी ते वाच, मग हे.

दुसरी किल्ली माझ्याकडे होती.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की त्या महिन्यात कोडला हात लावला नव्हता. ते लिहिताना मला ते खरंच वाटत होतं, आणि आज तीन दिवस मी स्वतःशी भांडते आहे की वाटत होतं की वाटून घेतलं होतं. याचा निकाल माझ्याकडून लागणार नाही. जे आठवतं ते सांगते.

त्या शुक्रवारी तुम्ही सगळे कानबाईसाठी उधन्याहून गाडीने गावी निघणार होतात. नैवेद्याच्या रोटांचे गहू आईने गुरुवारीच बांधले होते. आणि शुक्रवारी सकाळी माझी अडचण आली. आईने विचारलं, "हर्षू, बठी का?" मी म्हटलं हो, बाजूला बसले. ती म्हणाली बरं. मग मोठीआई आली, तिने विचारलं, "खरंच का वं? का गाव येवानं नही म्हनीसन?" मी पुन्हा म्हटलं हो. मग तू सामान उचलताना आईला हळूच विचारलंस, ती येत नाही हे नक्की ना. मला ऐकू आलं. तुमच्या एकाचाही पहिल्या उत्तरावर भरवसा नव्हता. तुम्ही गेलात. चार दिवस कलाबाई दाराशी ताट ठेवून जायची.

शनिवारी रडले. रविवारी रडण्याचा कंटाळा आला आणि दुकानात आले. तुझा लॅपटॉप उघडला. आपल्याकडे तो एकच होता आणि त्यात नाव तुझं होतं, मी काम केलं तरी नोंद तुझ्या नावाने व्हायची. याचा आपल्याला कधी त्रास झाला नाही, घरातलंच काम. मी सकाळपासून कोड वाचत गेले आणि जिथे जिथे एकच प्रश्न दोनदा विचारलेला दिसला तिथे तिथे माझा राग निघाला. एकदा सांगितलं ना, मग परत काय विचारता? नऊ ठिकाणी दुसरा प्रश्न मी काढून टाकला. अवजार नव्हतं, हाताने काढले. फार बरं वाटलं. काम संपवून उसाचा रस प्यायले हेही आठवतं. जाळीची ओळ त्या नऊमध्ये होती.

तुम्ही मंगळवारी आलात. मी काही सांगितलं नाही कारण मी कोणाशी बोलतच नव्हते. पुढे राग गेला आणि गोष्टही डोक्यातून गेली. वीस तारखेला तू ताजा कोड बोर्डांवर भरलास, शेडमध्ये लावलास. न बघता भरलास. पंधरा दिवसांपूर्वी हे सापडलं असतं तर मी याच वाक्यावर चार पानं लिहिली असती. आज लिहीत नाही. घरात दोघंच कोडला हात लावणारे, त्यात तू माझं काम कधी तपासायचा नाहीस. एकट्या कोडमध्ये तू माझ्या पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायचास.

तेवीस तारखेला काकांचा हात मागात गेला. दुसऱ्या दिवशी शेडच्या ऑफिसात शेठ, काकांची बायको रुक्मिणीकाकू, दहा-बारा कारागीर. शेठ म्हणाला बोर्ड कुणी बिघडवला? मीच लॅपटॉप उघडला, मीच नोंद शोधली, मीच पडदा सगळ्यांकडे फिरवला आणि तुझ्या नावावर बोट ठेवून म्हटलं, हे बघा, यानेच काढली. तू पुढे वाकून वाचलंस. मला वाटलं नाव वाचतोयस. तू तारीख वाचत होतास. आणि मग म्हणालास, "हो. चूक माझी."

इतक्या पटकन चूक कबूल करणाऱ्याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आयुष्यभर सगळ्यांचा घेतला, त्या एका क्षणी घेतला नाही, कारण नाव माझं नव्हतं.

आईला आज सकाळी विचारलं. भांडी घासत होती. मी म्हटलं, आई, तुला माहीत होतं? तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, "तेनी सांगेल व्हतं. माय, हर्षूनं नाव कोनले सांगू नको. तिनं लगीन व्हवानं शे, दुकान चालाडनं शे. मी काय करू मंग? तो बी मना, तू बी मनी." तूही तिचा, मीही तिची; तीन वर्षं ती तुझा डबा आणि माझे टोमणे एकाच पिशवीतून वाहत होती आणि मी तिच्यावर पिना मोजत होते.

मला तुझा राग येतोय, दादा, हे लपवत नाही. तुला कोणी सांगितलं होतं? मला विचारलं असतंस तर मी त्याच दिवशी उभी राहून सांगितलं असतं. असं मला वाटतं. खात्री नाही, आणि तू ती खात्री करून घ्यायची संधीच मला दिली नाहीस. तू ऑफिसातून बाहेर पडलास, त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर बसून ती ओळ परत घातलीस आणि तिच्यावर एक शब्द लिहिला नाहीस. मी म्हटलं लाज. लिहायचं तर तुला कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहायचं तर माझं नाव.

आणि मी काय केलं? दारात उभी राहून म्हणाले की तुझा हात लागलेला कोड मी चालवणार नाही. 'ताणा'त बदल करायची तुझी परवानगी मी काढून घेतली, आठवड्याच्या आत. नाव माझं आलं. लोक मला बोलवतात, हार घालतात, मी 'कारागिराच्या सुरक्षेबद्दल' बोलते. काकांचं उदाहरण देते. कारण म्हणून तुझं नाव न घेता 'एका सहकाऱ्याचा निष्काळजीपणा' असं म्हणते. पाच ठिकाणी म्हटलंय. आणि तू तिकडे इच्छापोरला ठेकेदाराकडे वायरी ओढतोस.

मला भयंकर वाईट वाटतंय. याच्यापेक्षा चांगले शब्द असतील, पण ते मला येत नाहीत.

उद्या हे पाकीट नुसतं मिटवून पाठवते आहे. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

हर्षू


डिंडोली
शनिवार, २९ नोव्हेंबर

दादा,

या वेळी तुझ्याकडून तीन शब्दही आले नाहीत. आई म्हणाली तू वाचलंस, घडी केलीस आणि उशीखाली ठेवलीस. मग तिला रिक्षापर्यंत सोडायला आलास, एरवी येत नाहीस. मी याच्यातून काही अर्थ काढणार नाही. अर्थ काढण्यात माझा हात कसा आहे ते आपण बघितलं.

जे केलं ते सांगते.

गायत्रीचा पॅच घेतला. बावीस जागा. ती पोर बरोबर होती आणि तिचं काम माझ्या त्या रविवारच्या कामापेक्षा शंभर पट चांगलं आहे, कारण तिने काढण्याआधी विचारलं. सतरावी जागा तशीच ठेवली आणि तिच्या डोक्यावर मी चार ओळी लिहिल्या. मराठीत, म्हणजे मालेगावच्या मिस्त्रीलाही वाचता येतील:

'ही तपासणी वरच्यासारखीच दिसते, पण काढू नका. दोघींच्या मध्ये भोंग्याचे तीन सेकंद आहेत आणि त्यात माणूस हात घालतो. ७ ऑगस्ट २०२२ रोजी ही ओळ हर्षदा दगा पाटील हिने काढली. नोंदीत योगेंद्र पाटील हे नाव आहे ते चूक आहे, ते त्या दिवशी सुरतेत नव्हते. या ओळीवाचून भगवान निकम यांची दोन बोटं गेली.'

काल रात्रीपर्यंत अकरा जणांनी वाचलंय. एकाने विचारलं की हे कोडमध्ये लिहायची गरज आहे का. मी म्हटलं आहे. तुझी परवानगी सुरू केली आहे. वापर, नको वापरू, पण आता ती तुझी आहे आणि मी कधीच काढणार नाही. जिथे जिथे 'सहकारी' म्हटलं होतं त्या पाचही ठिकाणी पत्रं गेली. दोघांची उत्तरं आली. एक म्हणतात पुढच्या कार्यक्रमाला मी आले नाही तरी चालेल.

मग काकांकडे गेले. गुरुवारी, शेडची पाळी बदलते त्या वेळी. ते आता तिथेच गेटवर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याची नावं डाव्या हाताने लिहितात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कानबाईपासून. मधे त्यांनी एकदाही अडवलं नाही. एक टेम्पो आला, त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं, आणि म्हणाले, "सांग पुढं."

संपल्यावर त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तो मना दारशी येल व्हता. दोन डाव. पह्यलांदा मी रुक्मिणीले सांगं, तेले वाटे लाव. दुसरांदा मी सोता उठनू. म्हनं, मना घरमां तुना पाय नको. तो काहीच बोलना नही. माले वाटनं, बोलाले तोंडच नही तेले."

तू त्यांच्या दारात गेला होतास, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या चुकीची माफी मागायला, दोनदा.

मी म्हटलं काका, मला काय बोलायचं ते बोला. ते म्हणाले, "तुनं काय ते मंग दखसू. आज तुनं नही." आणि मला बसायला सांगितलं नाही. बरोबरच आहे.

मी निघाले तर त्यांनी हाक मारली. म्हणाले, रविवारी तुझी माय जाते ना त्याच्याकडे, मी बी येस. तो कोणत्या मजल्यावर राहतो ते विचारलं. तिसऱ्या, म्हटलं, लिफ्ट नाही. म्हणाले, "चढसू. तेनी दारवरथून परत धाडं तर परत येसू. दोन डाव धाडं तरी येसू. मना हिसाब तेवढाच शे."

तर उद्या अकराच्या सुमारास आई हे पत्र घेऊन आधी वर येईल, मागून काका. मीही त्यांच्याबरोबर रिक्षात असेन. मी खालीच थांबणार आहे, जिन्याशी. वर बोलवायचं की नाही ते तू ठरव.

हर्षू